कैदी साक्षीदाराचे डिपॉझिशन

अमेरिकेतील दिवाणी दाव्यात मुख्य सुनावणीपूर्वी, न्यायालयाबाहेर, शपथेवर नोंदवल्या जाणाऱ्या साक्षीला डिपॉझिशन म्हणतात. एरवी फेडरल न्यायालयांत वकील न्यायाधीशाला न विचारता, इतर पक्षांना लेखी नोटीस देऊन, अशी साक्ष घेऊ शकतो. साक्षीदार तुरुंगात असेल तर मात्र फेडरल दिवाणी प्रक्रिया नियमांतील नियम ३० नुसार न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते, आणि दोन्ही पक्ष राजी असले तरी ही अट टळत नाही. राज्यांच्या न्यायालयांना त्यांचे स्वतःचे नियम लागू होतात.

परवानगी सहसा मिळते. मागणी दाव्याशी संबंधित आणि दाव्याच्या गरजेच्या प्रमाणात असेल तर ती द्यावीच, असे नियमच सांगतो. कैद्याने तुरुंग अधिकाऱ्यांविरुद्ध दावा केलेला असतो तेव्हा अनेक न्यायाधीश वेळापत्रकाच्या आदेशातच प्रतिवादीला ती देऊन ठेवतात. कैदी वादीची स्थिती मात्र बिकट असते. न्यायालयीन शुल्क आगाऊ न भरण्याची सवलत मिळाली तरी डिपॉझिशन नोंदवण्याचा खर्च बहुधा त्यालाच सोसावा लागतो. त्यामुळे तो लेखी प्रश्नावलीवर भागवतो आणि उत्तर ऐकून लगेच पुढचा प्रश्न विचारण्याची संधी गमावतो.

खरी अडचण आदेश हाती आल्यावर सुरू होते. खोली, वेळ, लघुलेखकाचा प्रवेश, ध्वनिचित्रमुद्रणाची साधने आत नेण्याची मुभा, हे सारे तुरुंग प्रशासनाशी ठरवावे लागते. मध्येच कैद्याची बदली झाली तर सगळे पुन्हा पहिल्यापासून. डिपॉझिशनला एका दिवसात सात तासांची मर्यादा आहे, पण कैद्यांच्या मोजणीमुळे आणि जेवणाच्या ठरलेल्या वेळांमुळे सलग बैठक क्वचितच होते. पक्षांची संमती किंवा न्यायालयाचा आदेश असल्यास साक्ष दूरध्वनी वा व्हिडिओद्वारे घेता येते. पहाऱ्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे: ज्या रक्षकांविरुद्ध तक्रार आहे त्यांच्याच सहकाऱ्यासमोर कैदी मोकळेपणाने बोलेल, अशी अपेक्षा धरणे भाबडेपणाचे ठरेल. म्हणून रक्षकाने दिसेल पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर थांबावे, अशी मागणी वकील करू शकतात.

स्वतःला गुन्ह्यात गोवणारे उत्तर नाकारण्याचा पाचव्या घटनादुरुस्तीतील हक्क कैद्यालाही आहे. मात्र दिवाणी प्रकरणात पक्षकाराच्या अशा मौनावरून प्रतिकूल अनुमान काढण्यास ही दुरुस्ती आड येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ च्या बॅक्स्टर विरुद्ध पाल्मिजियानो या निकालात म्हटले आहे.

नियम ३२ नुसार, साक्षीदार कारावासामुळे सुनावणीला येऊ शकत नसेल तर त्याचे डिपॉझिशन पुरावा म्हणून वाचता किंवा दाखवता येते. कैद्याला न्यायालयात आणण्यासाठी विशेष रिट काढता येते, पण त्यात बंदोबस्त आणि प्रवासखर्चाचा प्रश्न येतो. त्यामुळे तुरुंगात नोंदवलेली ही साक्षच पुष्कळदा ज्यूरीपुढे येते, आणि उलटतपासणी सुनावणीपर्यंत राखून ठेवणाऱ्या वकिलाला ती करण्याची संधी पुढे मिळेलच असे नाही.