वाटबिंदू

वाटबिंदू : (वेपॉइंट, मार्गबिंदू). जमिनीवरची एखादी जागा अक्षांश-रेखांशांच्या जोडीने नोंदवून, तिला नाव देऊन, पुन्हा तेथे पोहोचता यावे म्हणून उपकरणात साठवलेला बिंदू. भटकंतीच्या ॲपमध्ये पाण्याचे टाके, खिंड, ढोरवाट मुख्य वाटेला मिळते ती जागा, मुक्कामाची गुहा, गाडी लावण्याचे ठिकाण असे बिंदू साठवतात. बोलताना ‘पॉइंट टाकणे’, ‘पिन टाकणे’, ‘लोकेशन सेव्ह करणे’ असेच म्हटले जाते. ‘वाटखूण’ हाही प्रतिशब्द सुचवला जातो. पण खूण जमिनीवर असते आणि बिंदू नकाशावर. रचलेले दगड पावसात ढासळले तरी बिंदू जागचा हलत नाही, म्हणून प्रस्तुत नोंदीत ‘वाटबिंदू’ हाच शब्द ठेवला आहे. वाटबिंदूंची क्रमवार आखलेली मालिका म्हणजे मार्ग (रूट), आणि प्रत्यक्ष चालताना उपकरणाने आपोआप नोंदवलेली रेघ म्हणजे माग (ट्रॅक). या तिन्हींची गल्लत सर्रास होते.

संकल्पनेचे मूळ : सुटी जागा नेमून तिच्या आधाराने वाट काढण्याची पद्धत नकाशांहूनही जुनी असावी. या नोंदीतील बहुतेक उदाहरणे सोलापूर परिसरातील आहेत; त्या संदर्भात येथे सिद्धरामेश्वरांच्या अडुसष्ट लिंगांचा उल्लेख केला जातो. बाराव्या शतकातील या शिवयोग्यांनी शहराच्या पंचक्रोशीत ही लिंगे स्थापल्याची परंपरा आहे. संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या गड्डा यात्रेत, तैलाभिषेकाच्या दिवशी, नंदीध्वजांची मिरवणूक त्यांना प्रदक्षिणा घालते. ही वाटबिंदूंची जुनी मालिकाच होय, असे म्हणण्याचा मोह होतो. तथापि लिंग ही प्रत्यक्ष वस्तू आहे आणि प्रदक्षिणेला क्रम आहे, हे पाहता तिचे नाते वाटबिंदूपेक्षा मार्गाशी जवळचे वाटते. आजच्या अर्थाने वाटबिंदू, म्हणजे जमिनीवर काहीही नसताना केवळ अंकांनी ठरलेली जागा, ही प्रामुख्याने सागरी व विशेषतः हवाई मार्गनिर्देशनाची देणगी मानणे अधिक सयुक्तिक होईल. विमानमार्गांवरील बिंदूंना पाच रोमन अक्षरांची, उच्चारता येतील अशी नावे देतात आणि एकच नाव दोन बिंदूंना येणार नाही याची काळजी घेतात. भटक्यांनी तंत्र उचलले. नावाची ही शिस्त मात्र उचलली नाही.

उपकरणे : अमेरिकेच्या जीपीएस यंत्रणेचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडण्यात आला आणि यंत्रणा १९९५ मध्ये पूर्णपणे कार्यान्वित झाली. हातात धरण्याजोगा पहिला व्यापारी संच (मॅगेलन नॅव्ह १०००) १९८९ चा. नागरी वापरासाठीच्या संकेतात मुद्दाम मिसळलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली. तोवर शंभर मीटरपर्यंतचा फरक गृहीत धरावा लागे, त्यामुळे टाक्याचा बिंदू नोंदवण्यात फारसा अर्थ नव्हता. त्या काळातील लोकप्रिय संचांत ५०० बिंदू मावत आणि नाव ६ अक्षरांत बसवावे लागे. भारताच्या ‘नाविक’ या स्वतःच्या उपग्रह-मार्गनिर्देशन प्रणालीचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडण्यात आला. आजचा फोन मोकळ्या आकाशाखाली साधारण ५ मीटरपर्यंत अचूक जागा सांगतो. कड्याच्या पोटात किंवा नाळेत संकेत कातळावरून परावर्तित होत असल्याने तो बराच बहकतो. बिंदू साठवण्यास मोबाइलची रेंज लागत नाही. रेंज लागते ती नकाशाचे चित्र उतरवून घेण्यास, आणि ते घरून निघण्यापूर्वीच करायचे असते.

आधारप्रणाली : अक्षांश-रेखांशांची जोडी स्वयंपूर्ण वाटते, पण पृथ्वीचा कोणता आकार आणि कोणता आरंभबिंदू धरला आहे, हे ठरल्याशिवाय तिला अर्थ नसतो. यालाच डेटम म्हणतात. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने स्थलदर्शक नकाशे १८३० च्या एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीचा ध्रुवांशी किंचित चपटा धरलेला गणिती आकार) आधारलेले असून त्यांचा आरंभबिंदू मध्य प्रदेशातील कल्याणपूर येथे आहे. (ज्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातून हे सारे उभे राहिले ते विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केले. त्यांचा मृत्यू १८२३ मध्ये हिंगणघाट येथे झाला. गोलाभाला, आणि पुढे शिखरालाही, नाव लागले ते त्यांच्या उत्तराधिकाऱ्याचे.) याउलट फोनमधील ॲप डब्ल्यूजीएस ८४ ही जीपीएसची, जगभर एकच असलेली आधारप्रणाली वापरते. दोन्ही प्रणालींत एकच जोडी टाकली तर सोलापूर परिसरात बिंदू साधारणपणे शंभर-दीडशे मीटर सरकतो. सोलापूरच्या माळावर हे अंतर म्हणजे शेजारचे शेत. सह्याद्रीत तेवढ्यात खिंडीची दुसरी बाजू येते.

जुन्या क्रमांकपद्धतीनुसार सोलापूर शहर ४७ ओ/१४ या नकाशात येते. ७६ अंश पूर्व रेखांश शहराच्या पूर्वेला अगदी जवळ असल्याने अक्कलकोटला निघालेल्या माणसाला ५६ सी या वेगळ्या मालिकेतला नकाशा लागतो. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानुसार नागरी वापरासाठीची खुली मालिका डब्ल्यूजीएस ८४ वर आणली गेली आणि त्या मालिकेपुरता हा प्रश्न उरला नाही. तो उरतो तो जुना कागदी नकाशा स्कॅन करून ॲपमध्ये पार्श्वभूमी म्हणून लावणाऱ्यांसाठी. अशा वेळी ॲपमधला बिंदू चुकला असे वाटते. प्रत्यक्षात खालचा नकाशा सरकलेला असतो. हौशी मंडळी मग बिंदूच ओढून नकाशावर ‘बसवतात’ आणि बरोबर असलेली नोंद बिघडवतात.

लेखनातील चुका : १७ अंश ४० मिनिटे हे (सोलापूरच्या अक्षांशाचे) मूल्य १७.४० असे लिहिणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक होय. योग्य दशांश रूप १७.६६६७, चुकीच्या रूपाने सोलापूर सुमारे ३० किमी दक्षिणेला, भीमेच्या अंगाला जाऊन पडते. दुसरी चूक क्रमाची. बिंदू साठवण्याच्या धारिकांचे (फाइलींचे) जीपीएक्स व केएमएल हे दोन प्रकार आहेत. जीपीएक्स धारिकेत अक्षांश व रेखांश आपापल्या नावाने लिहिलेले असतात. केएमएल धारिकेत मात्र आधी रेखांश, मग अक्षांश. हाताने आकडे भरताना क्रम उलटला की सोलापूर स्पिट्सबर्गेन बेटाच्या दक्षिणेकडील थंड समुद्रात सापडते. ही चूक निदान चटकन लक्षात येते, आधीची येत नाही. दशांशानंतर पाच अंक पुरेत, कारण पाचव्या अंकाचे मोल जेमतेम एक मीटर आहे; त्यापुढचे अंक फोनच्या कुवतीपलीकडचे.

उंचीच्या आकड्याबाबत विशेष सावध राहावे लागते. उपग्रहांवरून मिळणारी उंची गोलाभापासूनची असते, समुद्रसपाटीपासूनची नव्हे. दक्षिण भारतात समुद्रसपाटीचा काल्पनिक पृष्ठभाग (जिऑइड) गोलाभाच्या बराच खाली आहे. सोलापूरकडे हा फरक साठ ते ऐंशी मीटरांच्या दरम्यान धरता येतो. जे ॲप दुरुस्ती करत नाही, ते सुमारे ४५० मीटर उंचीवरचे शहर तेवढे खाली दाखवते.

नावे : बिंदू शोधताना माणूस आकडे नव्हे, नाव शोधतो. सोलापूर जिल्ह्यात मराठी, कन्नड व तेलुगू या तिन्ही भाषा नांदत असल्याने नावांचा प्रश्न येथे अधिक टोकदार होतो. भीमा-सीना संगमावरील हत्तरसंग कुडल हे याचे उत्तम उदाहरण होय. तेथील मंदिरातील शके ९४० (इ. स. १०१८) चा लेख मराठीतील आद्य कोरीव लेखांत गणला जातो. श्रवणबेळगोळ व अक्षी येथील लेखांच्या तुलनेत त्याचे स्थान कोणते याविषयी मतभेद आहेत. लेखात कालनिर्देश स्पष्ट असणे ही कुडलच्या बाजूची जमेची गोष्ट मानली जाते. कन्नडमध्ये ‘कूडल’ म्हणजे संगम. त्यामुळे ‘कुडल संगम’ असे नाव दिलेला बिंदू शंभराहून अधिक किलोमीटर दूर, बागलकोट जिल्ह्यातील कृष्णा-मलप्रभा संगमावरील कूडलसंगमाशी, म्हणजे बसवेश्वरांच्या ऐक्यस्थळाशी, गल्लत करतो. रोमन लिपीत लिहिले की त्यात सिंधुदुर्गातील कुडाळचीही भर पडते. नावात तालुका किंवा नदी घालणे हा साधा उपाय आहे : ‘कुडल-भीमा-मंदिर’, ‘कुडल-भीमा-घाट’. केवळ ‘मंदिर’, ‘पाणी’, ‘पॉइंट ४’ अशी नावे वर्षभराने नोंदवणाऱ्यालाही उमगत नाहीत. जुने काही संच देवनागरीऐवजी चौकोन दाखवत. फोनवरील ॲपमध्ये ती अडचण राहिलेली नाही, तरी रोमन लिपीची सवय टिकून आहे.

व्यवस्थापन : बहुतेक ॲपमध्ये बोटाने दाबून धरलेल्या जागी बिंदू पडतो. उभे आहोत ती जागा हवी असल्यास ‘माझे स्थान’ निवडून, अचूकतेचे वर्तुळ आक्रसेपर्यंत मिनिटभर थांबावे लागते. फोन बराच काळ बंद राहिला असेल आणि रेंज नसेल, तर उपग्रहांची संपूर्ण माहिती मिळण्यास साडेबारा मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. बिंदू सहलीनुसार फोल्डरमध्ये ठेवावेत की प्रकारानुसार (पाणी, मुक्काम, धोका), यावर दोन पक्ष आहेत. सहलीचे फोल्डर दुसऱ्याला पाठवण्यास सोयीचे, आणि प्रकार रंगाने वा चिन्हानेही दाखवता येतो. म्हणून पहिली पद्धत बरी. ऑसमँड हे ॲप आवडते बिंदू जीपीएक्समध्ये ठेवते, तर ऑरगॅनिक मॅप्स केएमएलमध्ये. दोन्ही धारिका एकमेकांकडे नेता येतात, परंतु चिन्हे व रंग वाटेत गळतात. जीपीएक्सची प्रचलित आवृत्ती २००४ ची आहे. फोन बदलण्यापूर्वी धारिका बाहेर काढून न ठेवल्यास बिंदू जुन्या फोनसोबत जातात.

बिंदूला तारीख जोडणे उजनी जलाशयाच्या काठी अत्यावश्यक ठरते. पाणी उतरले की काठ बराच दूर जातो; मे महिन्यात पक्षी पाहण्यासाठी उभे राहिलेली जागा सप्टेंबरात पाण्याखाली असू शकते. पाण्याच्या टाक्यांचेही तसेच, म्हणून शेऱ्यात महिना लिहितात. आषाढी वारीत नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी ही मुक्कामाची गावे ठरलेली असली तरी दिंडीचा तंबू गावाबाहेर नेमक्या कोणत्या रानात पडला, हे मागून येणाऱ्याला बिंदूनेच सांगता येते. असे बिंदू दुसऱ्या दिवशी पुसून टाकलेले चांगले. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरात उलट खबरदारी लागते. घरट्याचा बिंदू सामायिक फोल्डरमध्ये ठेवत नाहीत, आणि छायाचित्र पाठवण्यापूर्वी त्यात फोनने आपसूक नोंदवलेले अक्षांश-रेखांश काढून टाकतात.