वेब फ्रेमवर्कमधील त्रुटी आणि एक्सेप्शन हाताळणी

वेब अ‍ॅप्लिकेशनकडे आलेली विनंती मध्येच अडली, तर ती अडचण कुठे पकडायची, वापरणाऱ्याला काय दाखवायचे, नोंद कुठे ठेवायची आणि अर्धवट झालेले काम मागे कसे घ्यायचे, हे ठरवणारी फ्रेमवर्कमधील (अ‍ॅप्लिकेशन उभारायच्या तयार सांगाड्यातील) व्यवस्था. एक्सेप्शन म्हणजे काम अडले की कोडने फेकलेला अडचणीचा इशारा. जँगो, रेल्स, लाराव्हेल, स्प्रिंग, एक्सप्रेस या सर्वांत ती असते; मांडणी वेगळी, हेतू तोच. कोकणात ही व्यवस्था नीट लागते ती हापूसच्या पेट्या घरपोच विकणाऱ्या बागायतदारांच्या, मालवण-तारकर्लीच्या घरगुती निवासांच्या आणि होडी आरक्षणाच्या संकेतस्थळांना. हंगाम थोडा, गर्दी एकदम आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलला रेंज असेलच असे नाही. पुढील उदाहरणे बहुतांशी हापूसच्या ऑर्डरची आहेत.

चूक कोणाची

आधी हेच ठरवावे लागते. पिनकोडाचे पाचच अंक टाकले तर चूक गिऱ्हाइकाची. फॉर्म भरलेल्या मजकुरासह परत दाखवून त्या रकान्याखाली संदेश द्यावा, स्थिती-संकेत (उत्तरासोबत जाणारा निकालाचा आकडा) ४०० किंवा ४२२. नसलेल्या पानाला ४०४, परवानगी नसल्यास ४०३. कोडच फसला तर ५००. सेवा काही काळ बंद ठेवली असेल तर ५०३ आणि सोबत ‘रिट्राय-आफ्टर’ हेडर (पुन्हा केव्हा यावे हे सांगणारी ओळ). पावसाळ्यात मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात. जुलैची तारीख निवडणाऱ्याला ५०० दिसत असेल, तर तो निव्वळ प्रोग्रॅमरचा आळस. होड्या बंद असणे हा धंद्याचा नियम आहे, बिघाड नाही, आणि नियम आधीच तपासता येतो. उलट टोकाची खोड म्हणजे पानावर ‘सापडले नाही’ लिहून संकेत मात्र २०० (‘सगळे ठीक’) पाठवणे. त्यामुळे शोधयंत्रे ते पान खरे समजू शकतात आणि देखरेखीच्या साधनांना बिघाड कळतच नाही.

मोबाइल अ‍ॅपसाठी जेसन (प्रोग्रॅमला वाचता येईल अशा ठराविक मांडणीचे) उत्तर द्यायचे असेल तर त्रुटीचा आकृतिबंध स्वतः शोधत बसू नये. आरएफसी ९४५७ (२०२३) या इंटरनेट मानकात प्रकार, शीर्षक, स्थिती, तपशील असे रकाने ठरवून दिलेले आहेत.

एक्सेप्शनची वाट

फेकलेले एक्सेप्शन ज्या फंक्शनने बोलावले त्याच्याकडे, तिथून वरच्याकडे असे चढत जाते. कोणी पकडले नाही तर ते फ्रेमवर्कच्या सर्वसाधारण हँडलरपाशी (एक्सेप्शन हाताळणाऱ्या फंक्शनपाशी) पोचते आणि ५०० बनते. हा शेवटचा हँडलर एकच असावा. मधल्या पायरीवर एक्सेप्शन पकडण्याचा अधिकार फक्त त्या कोडला, ज्याला त्याचे काही करता येते: पुन्हा प्रयत्न करणे, पर्यायी उत्तर देणे किंवा अधिक माहिती जोडून पुढे फेकणे. बाकी ठिकाणी पकडून सोडून देण्याला ‘गिळणे’ म्हणतात, आणि सर्वांत महाग बग तिथेच जन्माला येतात.

फ्रेमवर्कागणिक बारकावे आहेत. रेल्समध्ये ‘रेस्क्यू फ्रॉम’च्या (कोणते एक्सेप्शन कोणी हाताळायचे हे सांगणाऱ्या) ओळी खालून वर तपासल्या जातात; सर्वसाधारण ओळ विशिष्ट ओळीच्या खाली लिहिली की विशिष्ट ओळीची पाळी येतच नाही. स्प्रिंगमध्ये ‘ट्रान्झॅक्शनल’ लावलेले फंक्शन रनटाइम एक्सेप्शनवर डेटाबेसचा व्यवहार (एकत्रच पक्के किंवा रद्द होणारे बदल) मागे घेते, चेक्ड एक्सेप्शनवर (जे कोडमध्ये आधीच जाहीर करावे लागते) मात्र आपणहून घेत नाही. एक्सप्रेस त्रुटी-हँडलर ओळखतो तो त्याच्या चार पॅरामीटरांवरून. शेवटचा ‘नेक्स्ट’ वापरात नाही म्हणून कोणी साफसफाईत काढून टाकला, तर तेच फंक्शन साधे मिडलवेअर (विनंतीच्या वाटेवरचे मधले फंक्शन) ठरते आणि त्रुटी त्याच्याकडे येणे बंद होते. आवाज न करता. शिवाय एक्सप्रेस ४ असिंक (निकाल नंतर देणाऱ्या) फंक्शनमधले एक्सेप्शन स्वतः पकडत नाही. ५ व्या आवृत्तीत ते हँडलरकडे आपोआप जाते.

एक्सेप्शन न येणारी चूक

गिऱ्हाइकाने मराठी कीबोर्डवरून पेट्यांची संख्या ‘१२’ अशी देवनागरीत लिहिली. पायथनचे ‘इंट’ आणि जावाचे ‘पार्सइंट’ देवनागरी अंक मुकाट्याने वाचतात. जावास्क्रिप्टचे ‘पार्सइंट’ ‘नॅन’ म्हणजे ‘संख्या नाही’ हे मूल्य परत करते. पीएचपीत पूर्णांकात रूपांतर केले तर शून्य मिळते. पीएचपी आणि जावास्क्रिप्टमध्ये यातून एकही एक्सेप्शन फेकले जात नाही. शून्य पेट्यांची ऑर्डर सुखाने नोंदली जाते. म्हणून संख्या आत घेतानाच देवनागरी अंक इंग्रजी अंकांत बदलावेत, मग मर्यादा तपासावी, आणि न बसल्यास आपणच त्रुटी फेकावी.

याच्या उलट प्रकार मायएसक्यूएल या डेटाबेसचा. तिथल्या जुन्या ‘यूटीएफ८’ अक्षरसंचात एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट मिळतात. देवनागरी अक्षर तीन बाइटांत बसते, त्यामुळे मराठी मजकुराच्या सगळ्या चाचण्या पास होतात. मग कोणीतरी ‘पिकलेले नकोत’ या सूचनेपुढे आंब्याचा इमोजी लावतो, त्याला चार बाइट लागतात, डेटाबेस कडक पद्धतीवर असेल तर त्रुटी १३६६ येते आणि अख्खी ऑर्डर ५०० मध्ये जाते. उपाय कॅच (एक्सेप्शन पकडणारा कोड) लिहिणे नव्हे. तक्ता आणि जोडणी दोन्ही ‘यूटीएफ८एमबी४’ करावीत.

पैसे कट झाले, ऑर्डर नाही

खरी कसोटी इथे. यूपीआयने पैसे गेले, पेमेंट गेटवेचे (पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवेचे) उत्तर येण्याआधी जोडणी तुटली, कोडने टाइमआउटचे (वाट पाहण्याची मुदत संपल्याचे) एक्सेप्शन फेकले. इथे ‘पेमेंट अयशस्वी’ असे दाखवणे चूक आहे, कारण टाइमआउटचा अर्थ निकाल माहीत नाही एवढाच. गिऱ्हाईक पुन्हा पैसे भरते आणि दोनदा कट होतात.

पद्धत अशी. पेमेंटकडे पाठवण्याआधीच ऑर्डर ‘प्रलंबित’ म्हणून नोंदवून तो व्यवहार डेटाबेसमध्ये पक्का करावा. डेटाबेसचा व्यवहार उघडा ठेवून बाहेरच्या सेवेला हाक मारू नये. नोंदींवरचे कुलूप अडकून राहते आणि पुढे एक्सेप्शन आले तर पैसे गेल्याची एकमेव नोंदही मागे घेतली जाते. त्याच विनंतीचा पुन्हा प्रयत्न करायचा तर इडेम्पोटन्सी की (विनंती तीच आहे हे गेटवेला कळवणारी खूण) तीच ठेवावी. टाइमआउट स्वतः ठरवावा; पायथनची ‘रिक्वेस्ट्स’ लायब्ररी तो आपणहून लावत नाही. गिऱ्हाइकाला ‘बँकेकडून खात्री होत आहे, पुन्हा पैसे भरू नका’ असा संदेश आणि ऑर्डर क्रमांक दाखवावा. अंतिम निकाल गेटवेच्या वेबहुकवरून (गेटवेने आपणहून आपल्या सर्व्हरला पाठवलेल्या निरोपावरून) किंवा स्थिती विचारून घ्यावा. वेबहुक एकाहून जास्त वेळा येऊ शकतो, म्हणून पेमेंट क्रमांकावर युनिक बंधन (तोच क्रमांक दोनदा नोंदू न देणारा डेटाबेसचा नियम) हवेच. दुसऱ्यांदा आलेल्या वेबहुकने ते बंधन मोडले की येणारे एक्सेप्शन अपेक्षित आहे. ते पकडून २०० द्यावे, नाहीतर गेटवे पाठवतच राहतो. पोस्टग्रेस डेटाबेस वापरत असल्यास ही नोंद वेगळ्या सेव्हपॉइंटमध्ये (व्यवहारात मध्येच ठेवलेल्या, तिथवर मागे येता येणाऱ्या टप्प्यात) करावी, कारण डेटाबेसला दिलेली एक आज्ञा फसली की त्या व्यवहारातल्या पुढच्या सगळ्या नाकारल्या जातात.

त्रुटीचे पान आणि डीबग

५०० चे पान डेटाबेस, सत्र किंवा लॉगिन यांवर अवलंबून असू नये, कारण बहुधा तेच बंद पडलेले असते. मेन्यूत नाव दाखवायला क्वेरी करणारे त्रुटीपान स्वतःच फसते. पान स्थिर एचटीएमएल ठेवावे, त्यात यूटीएफ-८ हा अक्षरसंच जाहीर करावा (न केल्यास मराठीऐवजी खुणांची रांग दिसू शकते) आणि संपर्काचा फोन द्यावा. विनंती फ्रेमवर्कबाहेरही मरते. पायथन अ‍ॅप चालवणारा सर्व्हर गुनिकॉर्न मुळातल्या मांडणीनुसार ३० सेकंदांनी अडकलेला वर्कर (विनंत्या हाताळणारी प्रक्रिया) मारतो. मग जँगोचे सुंदर पान दिसत नाही, त्याच्या पुढे बसवलेला वेब सर्व्हर एनजिनएक्स स्वतःचे ५०२ (मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर नाही) दाखवतो. तेही पान बदलून ठेवावे.

डीबग मोड (चुका शोधण्यासाठी आतला तपशील दाखवणारी अवस्था) चालू ठेवून संकेतस्थळ खुले करणे ही गंभीर चूक. जँगोचे पिवळे पान स्थानिक व्हेरिएबल उघडी करते. फ्लास्क या फ्रेमवर्कसोबतच्या वर्कझ्यूग डीबगरमध्ये तर ब्राउझरमधून कोड चालवण्याची सोय आहे. डीबग चालू असताना जँगो आपली ४०४ आणि ५०० ची पाने वापरतच नाही, म्हणून ती डीबग बंद करूनच तपासावी लागतात.

लॉगमध्ये विनंती-क्रमांक, पानाचा पत्ता (यूआरएल), एक्सेप्शनचा प्रकार आणि पूर्ण स्टॅक ट्रेस (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले याची यादी) एकदाच, सर्वांत वरच्या हँडलरमध्ये लिहावा. प्रत्येक पायरीवर लिहिला तर एकच बिघाड पाच दिसतो. ओटीपी आणि कार्ड क्रमांक लॉगमध्ये नकोत. तोच विनंती-क्रमांक त्रुटीपानावर छापला की फोनवर ‘काय झालं ते सांगा’ विचारत बसावे लागत नाही.