फार्गोचा रिसीव्हर आणि 34वी निवड : पार्श्वभूमी

अमेरिकन फुटबॉलमध्ये छोट्या कॉलेजातल्या रिसीव्हरची, म्हणजे पास झेलणाऱ्या खेळाडूची, पारख कशी करायची, हा वाद आजही फिरून एनएफएल या व्यावसायिक लीगच्या 2022 च्या ड्राफ्टमधल्या (संघ पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेतल्या) एका सौद्यापाशी येतो. दुसऱ्या फेरीत ग्रीन बेने आपल्या 53व्या आणि 59व्या निवडी देऊन 34वी निवड घेतली आणि नॉर्थ डकोटा स्टेट कॉलेजचा उंचापुरा रिसीव्हर क्रिश्चन वॉटसन उचलला. सौदा झाला तो मिनेसोटाशी, म्हणजे एकाच विभागातल्या, वर्षातून दोनदा गाठ पडणाऱ्या हाडवैऱ्याशी. त्यात मुलगा फार्गोच्या कॉलेजचा. तिथून रेड नदी ओलांडली की मिनेसोटाच लागतं!

छोट्या कॉलेजांतून येऊन पुढे मोठे झालेल्या रिसीव्हरांचे जुने दाखले सगळ्यांना पाठ आहेत. 1974 साली अलाबामा ए अँड एमचा रिसीव्हर चौथ्या फेरीत गेला. ओल्या ट्रॅकवर त्याची धावण्याची वेळ खराब लागली, बाकीचे स्काऊट (संघांसाठी खेळाडू हेरणारे) निघून गेले आणि पिट्सबर्गचा एक स्काऊट तब्येतीचं कारण सांगून मागे थांबला व दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा घड्याळ लावलं, असा किस्सा सांगतात. 1985 साली मिसिसिपी व्हॅली स्टेटचा रिसीव्हर 16वा गेला, आणि त्याच्या आधी दोन रिसीव्हर निवडले गेले होते. 2006 मध्ये हॉफ्स्ट्राचा एकजण 252वा गेला आणि पहिल्याच मोसमात त्याने झेलांतून 1,038 यार्ड अंतर कापलं. 2017 चा ईस्टर्न वॉशिंग्टनचा रिसीव्हर कॉलेजात 428 झेल घेऊन आला होता. पण 40 यार्डांच्या धावचाचणीत 4.62 सेकंद लागल्यामुळे तिसऱ्या फेरीपर्यंत थांबला.

फार्गोचं प्रकरण नेमकं याच्या उलट होतं. पळण्यात तोड नव्हती, पण झेल कुठे होते? अख्ख्या कॉलेज कारकिर्दीत मिळून 105. मोठ्या कॉलेजातला बरा रिसीव्हर दीड-दोन मोसमांत एवढे झेल गोळा करतो. तिथे मात्र सगळं आक्रमण चेंडू घेऊन धावण्यावर उभं होतं, रिसीव्हरचं निम्मं काम ब्लॉकिंगचं, म्हणजे बचावपटूंना अडवण्याचं. विजेतेपदं ढिगाने आली, पासेस मोजकेच. म्हणून झेलांचा आकडा माझ्या लेखी या वादातला सगळ्यात निरुपयोगी आकडा. पाहायचं होतं ते दर झेलामागे पडणारे 20 हून जास्त यार्ड, आणि तो एकटा खोल पळत असताना बचाव किती मागे सरकतो ते.

वरच्या पातळीच्या बचावासमोर तो टिकेल का, ही शंका मोबीलच्या सीनियर बोलमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधी होणाऱ्या कॉलेज खेळाडूंच्या प्रदर्शनी सामन्यात, बरीचशी फिटली. तिथे सरावात मोठ्या कॉलेजांचे कॉर्नरबॅक (रिसीव्हरला रोखणारे बचावपटू) एकास एक समोर येतात. छोट्या कॉलेजवाल्यासाठी हा आठवडा सामन्यापेक्षा मोलाचा. पाठोपाठ इंडियानापोलिसच्या ड्राफ्टपूर्व चाचण्यांत 6 फूट 4 इंच उंचीच्या या गड्याने 40 यार्डांना 4.36 सेकंदांची वेळ दिली. झेल सोडण्याची खोड मात्र अहवालांत आधीपासून होती आणि ती कोणी लपवली नव्हती.

टीका झाली ती किमतीवर. मार्चमध्येच ग्रीन बेने आपला अव्वल रिसीव्हर लास वेगसला देऊन टाकला होता, आणि पहिल्या फेरीतल्या दोन्ही निवडी बचावपटूंवर खर्च केल्या. त्या फेरीत गेलेले सहाही रिसीव्हर 18व्या निवडीपर्यंतच, म्हणजे ग्रीन बेची पाळी येण्याआधीच, संपले होते, हे टीकाकार सोयीस्कर विसरतात.

मग सप्टेंबर उजाडला. पहिलाच सामना, तोही मिनेसोटात. ग्रीन बेच्या आक्रमणाचा पहिलाच प्ले (एकेक चाल). रूकी म्हणजे नवख्या वॉटसनने मुरलेल्या कॉर्नरबॅकला सरळ रेषेत मागे टाकलं, चेंडू अलगद हातांत आला आणि निसटला. समोर कोणी नव्हतं. 75 यार्डांचा टचडाऊन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन होणारा गोल) गेला. ती क्लिप आजही फिरते. पण स्काऊटिंगच्या अंगाने पाहिलं तर वरच्या पातळीवर तो मोकळा सुटेल का, या मुख्य प्रश्नाचं उत्तर त्याच प्लेत मिळालं होतं. नोव्हेंबरमध्ये डॅलसविरुद्ध चार झेलांत तीन टचडाऊन, आणि तिथून चार सामन्यांत मिळून आठ. मोसमअखेर 41 झेल, 611 यार्ड. पुढे मांडीच्या स्नायूने आणि नंतर गुडघ्याने त्याला वारंवार बाहेर बसवलं, त्यामुळे हिशेब कुणाच्याच बाजूने पुरता लागत नाही. तिकडे मिनेसोटाने 53वी निवड पुढच्या एका सौद्यात देऊन टाकली. त्या साखळीतून आलेला कॉर्नरबॅक आणि 59व्या निवडीचा गार्ड (आक्रमणाच्या पुढच्या फळीतला खेळाडू), दोघेही 2025 पर्यंत दुसऱ्या संघांत गेले होते.

तोवर कॉलेज फुटबॉलचे नियमच पालटले होते. 2021 पासून एक वर्ष बाहेर न बसता कॉलेज बदलता येतं, आणि त्याच वर्षी खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमवायची मुभा मिळाली. 4.36 चा रिसीव्हर आता पाच वर्षं फार्गोत राहणं अवघड. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच मोठ्या कॉलेजाचं बोलावणं येतं. स्काऊटला त्यामुळे दोन्ही पातळ्यांवरची फिल्म आयती मिळते. उलट चौथ्या वर्षापर्यंत छोट्या कॉलेजातच राहिलेला रिसीव्हर दिसला की पहिली शंका येते, हा मोठ्या कॉलेजात का गेला नाही? फिल्मवर ते कळत नाही. त्यासाठी प्रशिक्षकांना फोन लावावे लागतात.