संतमस (बाह्यग्रह)

संतमस : बिभा या ताऱ्याभोवती फिरणारा वायुरूप महाग्रह. हेन्री ड्रेपर (एचडी) या ताऱ्यांच्या सूचीत त्याचा क्रमांक एचडी ८६०८१ आहे, त्यामुळे शोधनिबंधांत हा ग्रह ‘एचडी ८६०८१ बी’ म्हणून येतो. आपल्यापासूनचे अंतर सुमारे ३४० प्रकाशवर्षे. तारा सेक्स्टन्स तारकासमूहात, मघेच्या दक्षिणेला आहे. त्याची दृश्यप्रत (दिसणाऱ्या तेजाचे माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद) ८.७ असल्याने तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. फेब्रुवारी-मार्चच्या रात्री लहान दुर्बिणीतून सापडतो. ग्रह मात्र कुठल्याच दुर्बिणीतून कोणी पाहिलेला नाही. त्याच्याविषयी जे ठाऊक आहे ते ग्रहाच्या ओढीने होणाऱ्या ताऱ्याच्या डुलण्यावरून.

हे डुलणे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. लोहादी जड मूलद्रव्ये जास्त असलेल्या ताऱ्यांभोवती महाग्रह अधिक आढळतात, म्हणून अशा ताऱ्यांची यादी करून शोध चालू होता. त्यात हा तारा आला. हवाईतल्या केक दुर्बिणीत गोळा झालेला ताऱ्याचा प्रकाश आयोडीनच्या वाफेने भरलेल्या काचेच्या नळीतून नेतात. ताऱ्याच्या वर्णपटावर आयोडीनच्या बारीक काळ्या रेषा उमटतात आणि त्याच मोजपट्टीचे काम करतात. त्या पट्टीवर ताऱ्याच्या रेषा तारा जवळ येताना निळ्याकडे, दूर जाताना तांबड्याकडे सरकत होत्या. हिशेब केला तेव्हा तारा सेकंदाला सुमारे २०० मीटर वेगाने पुढे-मागे होत असल्याचे निघाले. गुरूमुळे आपला सूर्य हलतो तो सेकंदाला जेमतेम साडेबारा मीटर.

यावरून ग्रहाचे वस्तुमान गुरूच्या किमान दीडपट ठरते. ‘किमान’ हा शब्द महत्त्वाचा: कक्षा आपल्या दृष्टिरेषेला किती कललेली आहे हे या पद्धतीत कळत नाही, आणि ती कललेली असेल तर खरे वस्तुमान याहून जास्त असते. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना आढळलेला नाही, त्यामुळे त्याची त्रिज्याही मोजलेली नाही.

ताऱ्यापासून ग्रहाचे अंतर सुमारे ५८ लाख किमी, म्हणजे बुध-सूर्य अंतराचा दहावा हिस्सा. त्याचे वर्ष २ दिवस ३ तास १८ मिनिटांत संपते. तिथून बिभा, पृथ्वीवरून आपला सूर्य दिसतो त्याच्या तिसेक पट रुंद दिसेल. तापमान हजार अंश सेल्सिअसच्या बरेच वर असावे. इतक्या जवळच्या ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे वळलेली राहते असे मानले जाते. अशा ग्रहांना ‘तप्त गुरू’ म्हणतात. ते दूरवर तयार होऊन नंतर आत सरकले असावेत, हे सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण.

आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने शताब्दीनिमित्त २०१९ मध्ये प्रत्येक देशाला एकेक ग्रहमाला नाव देण्यासाठी दिली. भारताच्या वाट्याला ही आली. नावे लोकांकडून मागवली आणि मतदानाने निवडली गेली. ‘संतमस’ हे पुण्यातल्या एका १३ वर्षांच्या विद्यार्थ्याने सुचवलेले. ग्रहाचे वातावरण ढगाळ असावे या कल्पनेने ‘ढगाळलेला’ या अर्थी ते घेतले गेले. अमरकोशात मात्र ‘विष्वक् संतमसम्’, म्हणजे चहूकडे पसरलेला काळोख, असा अर्थ आहे. एक बाजू अखंड उजेडात होरपळत असेल, तर हा अर्थ ग्रहाच्या अर्ध्याच भागाला लागू पडतो.

ताऱ्याचे नाव विश्वकिरणांवर (अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांवर) संशोधन करणाऱ्या बिभा चौधुरी (१९१३–१९९१) यांच्यावरून आहे. बंगालीत बिभा म्हणजे प्रभा. दार्जिलिंगच्या डोंगरांत उघड्यावर ठेवलेल्या छायाचित्रण-पट्ट्यांवर त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ देवेंद्रमोहन बोस यांच्यासह मेसॉन या अणूहून लहान कणांचे माग अभ्यासले. पुढे १९४९ मध्ये त्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या. तिथल्या त्या पहिल्या स्त्री संशोधक.