एकसारखी जुळी, पण वजन वेगळं का?

एकीचं वजन 2.6 किलो, दुसरीचं 1.9, आणि डॉक्टर म्हणतात दोघी अगदी एकसारख्या जुळ्या. मग आपल्याकडे कुणीतरी बोलणारच, की एकीनं दुसरीचं खाल्लं. खरं तर हे तितकंसं चुकीचं पण नाही.

जुळ्यांवरून अनुवंश किती आणि परिस्थिती किती हे शोधायची कल्पना ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनची, 1875 ची. त्याने घरोघरी प्रश्नावल्या पाठवल्या होत्या. मग 1924 मध्ये हेरमान सीमेन्स या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने अंगावरचे तीळ मोजून एकबीज (एकाच बीजापासून झालेल्या, म्हणजे एकसारख्या) आणि द्विबीज (दोन वेगळ्या बीजांपासून झालेल्या) जुळ्यांची तुलना केली. हिशोब सोपा, एकबीज जुळी जास्त सारखी निघाली तर ते जीन्समुळे.

पण हाच हिशोब जन्माच्या वजनाला लावला की गडबड होते. अमेरिकेतल्या लुइव्हिल इथे रोनाल्ड विल्सनच्या टीमने जुळी जन्मापासून वर्षानुवर्षं मोजली, तर जन्माच्या वेळी एकबीज जुळ्यांच्या वजनात द्विबीजांपेक्षा जास्त फरक!! पुढे वर्षभरात मात्र एकबीज एकमेकांच्या जवळ येतात, आणि द्विबीज हळूहळू लांब जातात. म्हणजे जीन्स होतेच, पोटात असताना त्यांचं फारसं चाललं नाही एवढंच.

कारण वार, म्हणजे पोटातल्या बाळाला आईकडून पोषण पोचवणारा अवयव (प्लॅसेंटा). गर्भ पहिल्या तीनेक दिवसांत दुभंगला तर दोघांना दोन वारा, उशिरा दुभंगला तर एकच, आणि साधारण दोन तृतीयांश एकबीज जुळी अशी एकाच वारेवर वाढतात. त्यात वाटणी समान होईलच असं नाही, वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात त्यामुळे कधीकधी एकाचं रक्त दुसऱ्याकडे जात राहतं. द्विबीजांना हा त्रास सहसा नसतो, वारा शेजारी असल्या तरी रक्त वेगळं.

आईच्या शरीराचा वाटा किती, हे 1938 मध्ये केंब्रिजच्या वॉल्टन आणि हॅमंडनी घोड्यांवर बघितलं होतं (मला हा प्रयोग फार आवडतो). थोराड शायर आणि बुटकी शेटलंड यांचा संकर दोन्ही बाजूंनी केला, शायर घोडीच्या पोटचं शिंगरू शेटलंडच्या पोटच्यापेक्षा साधारण तिप्पट वजनाचं निघालं, बीज दोन्हीकडे अर्धं-अर्धंच.

माणसांच्या बाबतीत वार नीट बघायचं काम बेल्जियममध्ये झालं. ईस्ट फ्लँडर्समध्ये 1964 पासून रॉबर्ट डेरोम यांनी जुळ्यांची नोंद सुरू केली, त्यात बाळांच्या वजनाबरोबर वारही तपासली जायची, किती आहेत, नाळ मधोमध लागलीये की कडेला. कडेला नाळ असलेलं बाळ बऱ्याचदा हलकं भरतं.