पादचाऱ्यांसाठी स्वयंचलित ब्रेक

गाडीच्या वाटेत माणूस आला आणि चालकाने वेळेत ब्रेक दाबला नाही, तर गाडीने स्वतःहून ब्रेक लावण्याची यंत्रणा. व्हॉल्व्होने २०१० मध्ये एस६० या गाडीत ती आणली.

पुढच्या काचेमागचा कॅमेरा आणि बहुतेक गाड्यांत बंपरजवळचे रडार हे तिचे डोळे. रडार अंतर आणि वेग अचूक सांगते, पण माणसाच्या शरीरावरून त्याच्या लहरी धातूइतक्या जोराने परतत नाहीत. आकार ओळखण्याचे काम म्हणून मुख्यतः कॅमेऱ्याकडे येते. लाखो चित्रांवर शिकवलेले सॉफ्टवेअर प्रत्येक दृश्यात माणूस शोधते.

खरी कसोटी पुढे आहे. पदपथावर उभा असलेला माणूस धोक्यात नसतो, रस्त्याकडे झपाट्याने येणारा असतो. त्यामुळे त्याची चाल लागोपाठच्या दृश्यांतून जोखून, तो आणि गाडी एकाच जागी किती सेकंदांत पोहोचतील हे सतत मोजावे लागते. वेळ कमी उरला की आधी आवाज आणि दिवा, मग पूर्ण ब्रेक. ताशी ५० किमी वेगाने जाणारी गाडी कोरड्या रस्त्यावर जोरदार ब्रेकने साधारण ११ मीटरमध्ये थांबते. वेग दुप्पट झाला की हे अंतर चौपट होते. ब्रेक उशिरा लागला आणि धडक टळली नाही, तरी घटलेला वेग जीव वाचवू शकतो. उगाच लागलेला ब्रेकही धोक्याचाच, कारण मागची गाडी येऊन आदळू शकते. म्हणून यंत्रणा खात्री होईपर्यंत थांबते, आणि तेवढ्यात मोलाचे मीटर निघून जातात.

माग सुटला तर काय होते, हे १८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेतील टेंपी येथे दिसले. उबरच्या स्वयंचालित व्हॉल्व्हो चाचणी-गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला धडक दिली आणि तिचा मृत्यू झाला. प्रणालीला ती ५.६ सेकंद आधीच दिसली होती. पण कधी वाहन, कधी सायकल, कधी इतर वस्तू असे वर्गीकरण बदलत गेले आणि दर वेळी आधीच्या हालचालीची नोंद पुसली गेली. त्या व्हॉल्व्होमधील कारखान्यातून बसवलेला स्वयंचलित ब्रेक चाचणीसाठी बंद ठेवला होता.

पुढच्या गाडीपासून अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल आणि लेन सांभाळणारे स्टिअरिंग हेच कॅमेरे आणि रडार वापरतात. या सोयी एकत्र चालल्या तरी एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने स्वयंचलनासाठी ठरवलेल्या शून्य ते पाच पातळ्यांच्या वर्गवारीत गाडी दुसऱ्या पातळीवरच राहते, म्हणजे लक्ष चालकानेच द्यायचे. क्षणापुरता लागणारा आपत्कालीन ब्रेक तर शून्य पातळीत मोडतो. अनेक गाड्यांत चालकाने ॲक्सिलरेटर जोरात दाबला किंवा स्टिअरिंग वळवले, की तो माघार घेतो.

अंधार ही यंत्रणेची सर्वांत मोठी उणीव. अमेरिकेतील आयआयएचएस या रस्ते-सुरक्षा संस्थेच्या २०२२ मधील अभ्यासात अशा गाड्यांचे पादचाऱ्यांशी होणारे अपघात २७ टक्क्यांनी कमी आढळले, पण दिवे नसलेल्या रस्त्यांवर रात्री काहीच फरक दिसला नाही. ज्या रस्त्यांवर तिची गरज अधिक, तिथेच ती लंगडी पडावी हे गंभीर आहे. गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅप या युरोपीय संस्थेने पादचारी चाचण्या २०१६ मध्ये सुरू केल्या आणि २०१८ पासून रात्रीच्या चाचण्याही घेतल्या; अमेरिकेने २०२४ मध्ये ठरवलेल्या नियमात पादचारी अंधारातही ओळखण्याची अट आहे.