‘प्रशिक्षणार्थी’ या शब्दाचा घोळ

‘लाडका भाऊ’ नावाने गाजलेल्या, महाराष्ट्र सरकारच्या २०२४ च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेतले तरुण ‘आम्हाला कायम करा’ म्हणत आंदोलनाला बसले, की त्यांना एकाच शब्दात उत्तर मिळतं: तुम्ही प्रशिक्षणार्थी आहात. हा शब्द या योजनेपेक्षा बराच जुना आहे.

बेरोजगारांना कामाला लावण्याची सरकारी यंत्रणा, म्हणजे सेवायोजन कार्यालयं, १९४५ मध्ये उभी राहिली, तीही महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी. फाळणीनंतर तिथे निर्वासित आले, मग नोंदणी सगळ्यांनाच खुली झाली आणि १९५६ मध्ये कारभार राज्यांकडे आला. १९५९ च्या कायद्याने रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला कळवणं सक्तीचं केलं. भरती तिथूनच करा, असं मात्र म्हटलं नाही. तरी लोक नोंदणीचं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ‘कॉल’ची वाट पाहत राहिले. नूतनीकरण चुकलं की ज्येष्ठता गेली म्हणून घरात रडारड व्हायची. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जाहिरात देऊन इतरांचेही अर्ज घ्यायला सांगितलं आणि कार्डाचं उरलंसुरलं वजनही गेलं.

खरा गुंता १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यातला. कलम १८ म्हणतं, शिकाऊ हा प्रशिक्षणार्थी, कामगार नव्हे. कलम २२ २०१४ च्या दुरुस्तीपर्यंत म्हणायचं, करारात तसं नसेल तर शिकवून झाल्यावर नोकरी देणं मालकावर बंधनकारक नाही. म्हणजे लेथ तोच, पाळी तीच, पण माणूस कामगार नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थोडी फट ठेवली: बाकी सगळं सारखं असेल तर बाहेरच्या उमेदवाराआधी शिकाऊला प्राधान्य द्या. ‘बाकी सगळं सारखं’ कधी असतं, हे भरती करणाऱ्यालाच ठाऊक.

महाराष्ट्राने मधल्या काळात वेगळा शब्द वापरून पाहिला. सुशिक्षित बेरोजगारांना महिना ३०० रुपयांवर सरकारी कार्यालयांत बसवलं आणि त्यांना ‘अंशकालीन कर्मचारी’ म्हटलं. ‘कर्मचारी’ म्हटल्यावर हक्क मागितला जाणारच. अखेर त्यांना भरतीत १० टक्के समांतर आरक्षण द्यावं लागलं. जाहिरातींत माजी सैनिक, प्रकल्पग्रस्तांशेजारी ‘अंशकालीन’ हा रकाना त्यातूनच आला.

२०२४ च्या योजनेत ‘कर्मचारी’ हा शब्द नाही, आणि हे सहज घडलं असं मला वाटत नाही. बारावी उत्तीर्णाला ६ हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८ हजार, पदवीधराला १० हजार. पगार नव्हे, विद्यावेतन. प्रत्यक्षात मुलं टपाल नोंदवतात, दाखले टाइप करतात, शाळेत वर्ग सांभाळतात. सहा महिन्यांची मुदत संपल्यावर ती आणखी पाच महिने वाढवली. त्यामुळे शिकायला आलेल्याने अकरा महिने तेच टपाल नोंदवलं, आणि शेवटी हातात प्रमाणपत्र पडलं ते प्रशिक्षणाचं.